नवख्या संपादकाचं स्वागत साच्यानं उरकायचं का?

ऐरोली_खाडीकाठ:
मी एका मराठी ऑनलाइन ज्ञानकोशावर सहा वर्षं फुटकळ संपादनं करतोय. कोणता ते सांगत नाही, रडगाणं सगळीकडचं सारखंच आहे. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना काकूच म्हणतात. त्यांना खातं मीच उघडून दिलं. उघडताक्षणी त्यांच्या चर्चापानावर, म्हणजे खात्याला निरोप ठेवायच्या पानावर, साच्याची (सगळ्यांना तीच, आधीच तयार मजकुराची) रंगीत चौकट उमटली: आपले स्वागत आहे, खाली पंधरा-वीस दुवे. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "हे सगळं वाचून मग लिहायचं का रे?" मी म्हटलं, राहू द्या, लिहा तुम्ही. त्यांनी ठाणे खाडीच्या लेखात रोहित पक्ष्यांबद्दल दोन परिच्छेद घातले. टायपिंगला दीड तास लागला. आम्ही चहा घेऊन परत बसलो तर दोन्ही गायब. लेखातल्या बदलांच्या इतिहासात दोनच शब्द, "संदर्भहीन मजकूर". काकू म्हणाल्या, "माझं शुद्धलेखन चुकलं का?" त्यानंतर त्यांनी ते पान उघडलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: उडवायचं तर खुशाल उडवा. पण नवख्याचं पहिलं संपादन उडवणाऱ्यानं त्याच्या चर्चापानावर स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहायलाच हव्यात. साचा चिकटवून मोकळं व्हायचं नाही.

कळवा_पहारा:
दोन ओळी म्हणायला सोप्या आहेत. मी रोज रात्री जेवण झालं की अलीकडील बदल, म्हणजे ताज्या संपादनांची यादी, उघडून बसतो. काल काय होतं सांगू? निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका दादांचं चरित्र, "धडाडीचे व लाडके" सकट. एका क्लासची जाहिरात, फोन नंबरासह. किल्ल्याच्या लेखात कुणी आपल्या मित्राला किल्लेदार करून टाकलेलं. शिवाय वर्तमानपत्रातून जशीच्या तशी उचललेली चार पानं. हे सगळे नवखेच बरं का! प्रत्येकाला पत्र लिहीत बसलो तर तोवर आणखी दहा आत शिरतील. आम्ही पहारा देणारे आहोत तरी किती, एका रिक्षात मावू.

आणि रागावू नका, पण काकूंचे दोन्ही परिच्छेद त्यांचेच होते का? अनुभवानं विचारतोय.

घोडबंदरवाली:
मी कॉलेजात असताना ठाणे जिल्ह्याच्या लेखात तालुके १५ लिहिलेले दिसले. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर आपल्याकडे ७ उरले: ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर, अंबरनाथ. मी १५ खोडून ७ केलं. पाच मिनिटांत परत १५, वर "उत्पात" असा शेरा. खरं लिहून मीच उत्पाती! पुढची दोन वर्षं मी फिरकले नाही.

इंग्रजी विकिपीडियाचं उदाहरण घ्या. तिथले सक्रिय संपादक २००७ च्या सुमारास सर्वाधिक होते, मग उतरण लागली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की नवखे काही वाईट लिहायला लागले नव्हते. चांगल्या हेतूनं केलेले बदलही जास्त प्रमाणात परतवले जात होते, तेही बरेचदा यंत्रांच्या मदतीनं. तिथे २०१२ पासून नवख्यांच्या प्रश्नांसाठी 'टीहाऊस' नावाचं पान आहे. बावळट प्रश्नालाही तिथे माणूस उत्तर देतो.

कळवा_पहारा:
ताई, तुमचं ते ७ मीही परतवलं असतं. कारणाशिवाय बदललेला आकडा हे खोडसाळपणाचं सगळ्यात जुनं रूप आहे. कुणी जन्मसाल बदलतं, कुणी लोकसंख्येला शून्य जोडतं. बदलांचा आढावा म्हणून खाली रिकामी चौकट असते, तिथे "पालघर वेगळा झाला" एवढं लिहिलं असतंत तर मी हात लावला नसता. टीहाऊसचं म्हणाल तर इंग्रजीला माणसं आहेत. आमच्या पानावर प्रश्न पडेल आणि चार महिने उत्तराची वाट बघेल.

घोडबंदरवाली:
ती चौकट भरायची असते हे मला कोण सांगणार होतं? पंधरावा दुवा?

नौपाडा_जुनं_खातं:
एवढे लाड कशाला? माझी पहिली आठ संपादनं उडाली. नवव्या वेळी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पुस्तक काढलं, पान क्रमांक टाकला, राहिलं. ज्याला लिहायचंय तो शिकतो.

घोडबंदरवाली:
काका, तुमच्यासारखे आठदा पडून उठणारे टिकले म्हणून तुम्ही इथे बोलताय. जे दुसऱ्यांदाच गेले ते या धाग्यावर येऊन थोडेच सांगणार आहेत?

ऐरोली_खाडीकाठ:
पहारावाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. काल काकूंकडे गेलो होतो. पहिला परिच्छेद त्यांचा: ओहोटीला उघडा पडणारा चिखल, ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून निघणारी बोट, गॅलरीतून दिसणारी गुलाबी रेघ. दुसरा, म्हणजे २०१५ चं अभयारण्य आणि २०२२ चा रामसर दर्जा (पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा), तो वर्तमानपत्राच्या कात्रणावरून अक्षरशः उतरवलेला. त्यांना वाटलं, छापील आहे म्हणजे जास्त पक्कं. चूक मान्य. माहितीवर कुणाचा हक्क नसतो, वाक्यांवर असतो, हे मीही त्यांना सांगितलं नव्हतं.

कळवा_पहारा:
मग मी म्हटलं ते खरं निघालं. तरीही एक कबूल करतो. पहिला परिच्छेद मी पुसण्याऐवजी लेखाच्या चर्चापानावर हलवू शकलो असतो. त्याला पुसण्याइतकाच वेळ लागतो आणि माणसाचा दीड तास पाण्यात जात नाही. गॅलरीतली रेघ मात्र तिथूनही लेखात येणार नाही, ते ज्ञानकोशाचं काम नव्हे. प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत पत्र मात्र मी लिहिणार नाही. जाहिरातवाल्यांना तर साचाही जास्त झाला.

नौपाडा_जुनं_खातं:
म्हणजे उडवलं होतं तुम्हीच!

कळवा_पहारा:
रात्री जेवणानंतर कोण बसतं ते वर लिहिलंय की.

ऐरोली_खाडीकाठ:
काकूंना हे वाचून दाखवलं. "त्यांना राग आलाय का माझा?" हा पहिला प्रश्न. मग उठून बिस्किटांचा चौकोनी डबा काढला. आत खाडीची सगळी कात्रणं, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख. म्हणजे संदर्भ घरातच होता, फक्त तो कात्रणाच्या मागच्या बाजूला होता. रविवारी त्यांच्या शब्दांत पुन्हा लिहायचं ठरलंय, आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर.

कळवा_पहारा:
पान क्रमांकही बघा. शाळेतल्या बाई आहेत, लिहिला असेल.