‘तुला काय हवंय?’ विचारलं की सगळे एकच उत्तर देतात

प्रश्न: १५ ते १७ वयाची २० मुलं, वेळ ९० मिनिटं. स्वतःला काय हवंय आणि सगळ्यांना मिळून काय हवंय, यावर त्यांना बोलतं करायचंय. पण पहिला जे म्हणतो त्याचीच बाकीचे री ओढतात.

उत्तर १: आधी लिहू द्या. प्रत्येकी ३ चिठ्ठ्या, ७ मिनिटं, नाव नाही, एका चिठ्ठीवर एकच इच्छा. मग दाखवावीशी वाटेल ती एकच घेऊन जोडीत बसवा. ‘का हवंय?’ नको, मुलं सफाई देत बसतात. ‘हे मिळालं तर तुझ्या दिवसात काय बदलेल?’ असं विचारायचं. ‘नवा फोन’ची चिठ्ठी मग ‘मित्रांत मागे पडणार नाही’पर्यंत येते.

उत्तर २: पुढे ५-५ चे गट करून ‘सगळ्यांना मिळून काय हवंय’ ते ठरवायला सांगा. लगेच मतदान घेतलंत तर बहुमताची इच्छा ‘सगळ्यांची’ म्हणून खपते. आधी विचारा, हे झालं तर कुणाला काय सोडावं लागेल? इथे हमखास वाद होतो. होऊ द्या, २५ मिनिटं राखून ठेवा. जी इच्छा एकट्याचीच आहे ती चिठ्ठी वगळू नका, वेगळी लावा.

उत्तर ३: नाव नसलं तरी अक्षर ओळखू येतं! उरलेल्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत नेऊ द्या.