‘एक ऑफर मिळाली की बाद’: प्लेसमेंट सेलचा हा नियम नक्की कुणाच्या भल्याचा?

कोथरूडकर:
दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका खासगी कॉलेजातून मार्केटिंग घेऊन एमबीए झाले. ऑक्टोबरात कॅम्पसवर आलेल्या तिसऱ्याच कंपनीने मला निवडलं. पद ‘मॅनेजमेंट ट्रेनी’, पॅकेज साडेसहा लाख. सहा जणांना घेतलं, फोटो निघाले, घरी पेढे आले. ऑफर लेटर हातात पडलं जानेवारीत. साडेसहापैकी दीड लाख टार्गेट गाठलं तरच मिळणार, आणि काम काय, तर बँकेच्या शाखेत बसून विमा पॉलिसी विकायच्या. पीएफ, ग्रॅच्युइटी, प्रोफेशन टॅक्स जाऊन हातात ३५ हजारांच्या आसपास. मधल्या काळात, डिसेंबरात, एका एफएमसीजी (साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वापराच्या वस्तूंच्या) कंपनीकडून ब्रँड विभागातली जागा आली होती. मला तिच्या प्रेझेंटेशनलासुद्धा बसू दिलं नाही. प्लेसमेंट सेलचा, म्हणजे कॉलेजच्या नोकरभरती कक्षाचा, नियम म्हणजे नियम: एक ऑफर मिळाली की प्रक्रियेतून बाद.

विमा विकणं हलकं काम नाही. माझे मामा तीस वर्षं विमा एजंट आहेत, त्यांच्यावर आमचं घर उभं राहिलंय. पण ते काम मी निवडलं नव्हतं. सात महिन्यांत सोडलं.

नियम ठेवायचाच असेल, तर त्याआधी मुलांना धड सल्ला मिळाला पाहिजे. आमच्याकडे ‘करिअर सपोर्ट’ म्हणजे सीव्हीचा सगळ्यांना एकच साचा, दोन मॉक जीडी (सरावाच्या गटचर्चा) आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘रात्री ९ पर्यंत नावं द्या’. दोन वर्षांत एकदाही कुणी समोर बसवून विचारलं नाही की बाई, तुला करायचंय काय?

टीपीओ_खानदेश:
ताई, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य. पण मी टीपीओ, म्हणजे कॉलेजचा प्लेसमेंट अधिकारी, म्हणून बारा वर्षं हेच काम करतोय, नियम का आला तेही ऐका. माझी १२० ची बॅच. शंभर फोन करावेत तेव्हा दहा कंपन्या हो म्हणतात, त्यातल्या सहा येतात. नियम नसेल तर वरची पंधरा मुलं तीन-तीन ऑफर घेऊन बसतात. शेवटी जातात एकाच ठिकाणी, बाकीच्या जागा वाया. एका वर्षी चार मुलांनी जॉइनिंगच्या आठवड्यात नकार कळवला. ती कंपनी पुढची पाच वर्षं आमच्याकडे फिरकली नाही. त्या पाच बॅचच्या मुलांनी काय गुन्हा केला होता? माझ्या डोळ्यांसमोर यादीतला अठ्ठ्याण्णवावा मुलगा असतो. कर्ज काढून आलेला, जीडीत इंग्रजी बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडणारा. त्याची पाळी येईपर्यंत कंपन्या शिल्लक राहाव्यात म्हणून हा नियम.

आणि समोर बसवून विचारायचं म्हणता, तर सेलमध्ये मी आणि एक क्लार्क. दोन्ही वर्षांची मिळून २४० मुलं. एकेकाला अर्धा तास दिला तरी १२० तास झाले. ते आणायचे कुठून?

गोरेगाव_पूर्व:
अहमदाबादच्या आयआयएममध्ये कंपन्या क्षेत्रानुसार गटागटाने बोलावतात. हातात ऑफर असली तरी पुढच्या गटातल्या आवडत्या कंपनीसाठी ‘ड्रीम’ अर्ज करता येतो. प्लेसमेंट अहवालाचे निकषही त्याच संस्थेने पुढाकार घेऊन बनवले. हमखास मिळणारी रक्कम त्यात वेगळी दाखवावी लागते. मग बाकीच्यांना काय अडचण?

टीपीओ_खानदेश:
तिथे कंपन्या रांग लावतात. इथे मी त्यांच्या रिसेप्शनवर बसून राहतो.

चाकण_एचआर:
मी टेबलाच्या पलीकडून सांगते. कामाचं पूर्ण वर्णन आम्ही कॉलेजला मेलवर पाठवतो. मुलाखतीत मी दर वेळी विचारते, ‘या कामात रोज काय करावं लागेल?’ दहांतली सात मुलं आमच्या वेबसाइटवरचं पहिलं पान म्हणून दाखवतात. सगळा दोष सेलवर टाकू नका. एमबीए करणाऱ्या, तेवीस-चोवीस वर्षांच्या माणसाने सही करण्याआधी ‘फिक्स्ड किती’ एवढं तरी विचारावं.

बार्शीकर_पालक:
माझ्या लेकराला साडेसात लाखांचं शैक्षणिक कर्ज काढून दिलं. तेवढ्याला तारण लागत नाही म्हणून तेवढंच. कोर्स संपल्यावर वर्षभराने हप्ता सुरू होतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. आम्हाला पहिली नोकरी हवी, मनाजोगती नंतर बघता येईल. सर म्हणतात ते मला पटतं.

कोथरूडकर:
काका, कर्ज माझ्यावरही होतं. सात महिन्यांनी नोकरी सुटली तेव्हा हप्ता थांबला नाही, तो पप्पांनी भरला. चुकीच्या जागी अडकवलेली पहिली नोकरी कर्ज फेडायलाही पुरत नाही, म्हणून तर जीव तोडून लिहितेय.

मॅडम, ‘फिक्स्ड किती’ मी विचारलं होतं. ‘लेटरमध्ये येईल’ असं उत्तर मिळालं. पुन्हा विचारायला गेले, तर सेलमधल्या सरांनी खुणेने गप्प केलं. बाहेर आल्यावर म्हणाले, कंपनी नाराज होईल.

आणि टीपीओ सर, अठ्ठ्याण्णवाव्या मुलाची काळजी तुम्हाला आहे, पण सगळीकडे तसं नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या कॉलेज रँकिंगसाठी किती मुलं नोकरीला लागली आणि मध्यक (मीडियन) पगार किती, हे आकडे द्यावे लागतात. वर्षाने त्यातली किती टिकली, हे आम्हाला तरी कुणी विचारलं नाही. मी नोकरी सोडली, पण कॉलेजच्या बॅनरवर माझा फोटो अजून आहे. १२० तास तुमच्या एकट्याचे कशाला? आमच्या बॅचचे चाळीस जण शनिवारी तीन-तीन तास द्यायला तयार होते. कॉलेजकडे आमचे सध्याचे नंबरच नव्हते.

टीपीओ_खानदेश:
खुणेने गप्प केलं, हे वाचून वाईट वाटलं. तसं व्हायला नको होतं. नियम मी काढणार नाही. विचार करायला दोन दिवस द्या म्हणाल, तर तेही माझ्या हातात नाही, कंपनीवाले संध्याकाळी निकाल लावतात आणि तिथेच होकार मागतात. पण फिक्स्ड आणि व्हेरिएबलची फोड लेखी आल्याशिवाय नावनोंदणी उघडायची नाही, एवढं यंदा करतो. एखादी कंपनी गेली तर गेली. माजी विद्यार्थ्यांच्या नंबरांचं काम उद्या क्लार्ककडे देतो.

कोथरूडकर:
सर, फॉर्ममध्ये अजून एक रकाना टाका. पदाच्या नावासमोर कामाची जागा: शाखा, फिल्ड की ऑफिस. आणि खानदेशातल्या मुलांसाठी चालणार असेल तर माझा शनिवार धरा, ऑनलाइन. दुपारी २ नंतर मी मोकळी असते.