लेक गप्प गप्प असते, कुणाला दाखवू?

मुक्ताईची आई: लेक पंधराची, दहावीत. दिवाळीपासून डबा अर्धा परत येतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी, पेपर म्हटलं की पोटात दुखतं आणि हात गार पडतात. कथ्थकचा क्लास स्वतःहून सोडला, घुंगरू कपाटात कोंबून ठेवलेत. सासूबाई म्हणतात वय आहे, होईल नीट, पण मला काही ते पटत नाहीये.

रेवा_सातारा: ताई, वयावर ढकलू नका. झोप, भूक, आवड सगळंच दोन आठवड्यांच्या वर बिघडलेलं असेल तर दाखवायचंच. या वयात डिप्रेशन बरेचदा चिडचिडीतून दिसतं, माझी पुतणी नुसती दारं आपटायची आणि आम्ही तिला उद्धट म्हणत बसलो, अजून वाईट वाटतं त्याचं. १४४१६ लावा, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

नर्समावशी: जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसोपचार ओपीडी असते. हिमोग्लोबिन, थायरॉईडही बघून घ्या, थकवा त्यानेही येतो. आणि जीव नकोसा वाटतो का हे तिला सरळ विचारा, विचारल्याने तसलं काही डोक्यात शिरत नाही, उलट पोरींना बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या.

मुक्ताईची आई: काल रात्री नुसती तिच्या शेजारी जाऊन पडले, तर तीच म्हणाली आई छातीत धडधडतं गं सारखं. सोमवारी सिव्हिलला जातोय दोघी.