मदत हवी आहे: आर मध्ये गहाळ नोंदींच्या जागी तुटक रेघ कशी काढायची?

आर या प्रोग्रामिंग भाषेत जीजीप्लॉट२ हे आलेख काढायचं पॅकेज वापरून रोपांच्या उंचीचा आलेख काढतेय. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर उंची, आणि प्रत्येक रोपाची स्वतंत्र रेघ. आठवड्याचा रकाना मजकूर म्हणून वाचला जात होता, त्यामुळे १० वा आठवडा २ च्या आधी यायचा. तो संख्येत बदलला आणि ग्रुपमध्ये रोपाचा क्रमांक दिला, तेव्हा रेघा नीट जुळल्या.

अडचण पुढे आहे. काही आठवड्यांच्या नोंदी नाहीत, तिथे एनए (म्हणजे ‘माहिती नाही’ अशी खूण) आहे. रेघ काढणारं जिओम_लाइन हे फंक्शन तिथे रेघ तोडतं. एनएच्या ओळी आधीच गाळल्या तर मधलं अंतर सरळ रेघेने सांधलं जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं की तिथेही मोजमाप झालं होतं. हे मला अजिबात नकोय. नसलेली माहिती असल्यासारखी दिसणं म्हणजे वाचकाची दिशाभूलच.

म्हणून दोन थर दिले: खाली गाळलेल्या डेटाची तुटक रेघ, वर मूळ डेटाची सलग रेघ. कल्पना चालते, पण रेघा खूप असल्याने अल्फा (रंगाची अपारदर्शकता) कमी ठेवलाय, त्यामुळे खालची तुटक रेघ वरच्या रेघेतून गडद ठिपक्यांसारखी डोकावते.

फक्त गहाळ भागापुरतीच तुटक रेघ काढता येईल का? जिओम_सेगमेंट (दोन बिंदूंमधला तुकडा काढणारं फंक्शन) आणि लीड (पुढच्या ओळीची किंमत देणारं फंक्शन) वापरून प्रत्येक तुकडा वेगळा काढावा, की याहून सोपा मार्ग आहे? आलेखाच्या सूचीत (लेजेंडमध्ये) ‘मोजलेले’ आणि ‘नोंद नाही’ असे दोन्ही प्रकार दिसायला हवेत. कोणी असं केलं असेल तर कोडसकट सांगा, प्लीज.