गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या लाल मातीत डर्ट बाइकचं सर्व्हिसिंग किती तासांनी?

प्रश्न: 250 सीसी फोर-स्ट्रोक, मोटोक्रॉसची. वाळपईकडे दर रविवारी तीन-चार तास. किलोमीटर मोजून अंदाज येत नाही. ऑइल, एअर फिल्टर, चेन कधी बघू?

उत्तर १: इंजिन किती तास चाललं ते मोजणारं मीटर बसव. असल्या इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर, म्हणून 5 ते 10 तासांत बदल. एअर फिल्टर मात्र प्रत्येक राइडनंतर साफ कर! जांभ्याची धूळ पिठासारखी, आत गेली की पिस्टन रिंग घासते. फिल्टरचा फोम (स्पंज) रॉकेलमध्ये धू, मग साबणाच्या पाण्यात. नुसता दाब, पिळू नकोस, जोड उसवतो. पेट्रोल नको, गोंद सुटतो. खडखडीत वाळल्यावरच फिल्टर ऑइल, कडेला ग्रीसचा हात.

उत्तर २: चेन स्टँडवर सैल दिसते म्हणून आवळू नका. सस्पेन्शन दाबून पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आणा. तिथेही थोडी ढील हवी. नाहीतर गिअरबॉक्सचं बेअरिंग खराब होतं. स्पोक पान्याने वाजवा, बद्द आवाज म्हणजे सैल.

उत्तर १: पावसात व्हाळ (ओढा) ओलांडल्यावर ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, म्हणजे त्यात पाणी गेलं, तर इंजिन चालवू नकोस. काढ, नवं घाल, थोडं गरम करून पुन्हा बदल.