डॉसची बूट होणारी सीडी कशी बनवायची? (जिस्ट कार्डवालं जुनं मशीन)

रामबागवाला, इंदूर
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या वाचनालयात 97 सालचं एक पेंटियम आहे, त्यात सी-डॅकचं जिस्ट कार्ड (पडद्यावर देवनागरी दाखवणारं) बसवलंय आणि साडेचार हजार पुस्तकांची यादी फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममधे देवनागरीत आहे, आमच्या एका आजोबांनी रोज संध्याकाळी बसून टाइप केलेली. मागच्या आठवड्यापासून चालू केलं की "डिस्क बूट फेल्युअर" एवढंच येतं आणि थांबतं. फ्लॉपी ड्राइव्ह केव्हाचाच गेलाय, नुसता घरघर करतो, पण सीडी ड्राइव्ह चांगला आहे, म्हणून म्हटलं डॉस 6.22 ची सीडीच बनवू. जुनी बूट फ्लॉपी होती, ती एकाच्या यूएसबी ड्राइव्हमधे घालून तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत एका फाइलमधे, काढली. आधी फायली नुसत्या सीडीवर टाकल्या, काहीच झालं नाही. मग आयएसओ (सीडीची एकच फाइल) बनवायच्या सॉफ्टवेअरमधे इमेज देऊन "नो इम्युलेशन" निवडलं तर काळ्या स्क्रीनवर रेघ लुकलुकत बसते. तीन सीड्या वाया गेल्या. जेल रोडवर एकाला दाखवलं तर तो म्हणे काका भंगारात द्या, जिस्ट कार्डाचं नावही ऐकलं नव्हतं त्यानं. आणि एक वैताग म्हणजे बायोसमधे (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधे) कशावरून बूट करायचं त्यात सीडी पहिली करून ठेवतो, दुसऱ्या दिवशी परत फ्लॉपी पहिली झालेली असते, मुलं छेडून राहिलीत का कोण जाणे.

एकचौवेचाळीस
काका, घोळ त्या "नो इम्युलेशन"मधेच आहे. सीडीवरून बूट करायची जी पद्धत आहे तिला एल टोरिटो म्हणतात, 1995 साली फिनिक्स आणि आयबीएमनं काढली. तिच्यात एक सोय अशी की सीडीवर फ्लॉपीची इमेज ठेवायची आणि बायोस तिलाच खरी फ्लॉपी समजून ए ड्राइव्ह म्हणून दाखवतं. डॉसला बिचाऱ्याला सीडी कळतच नाही, त्याचा बूट सेक्टर 512 बाइटचे फ्लॉपीचे सेक्टर मागत सुटतो, सीडीचा सेक्टर 2048 चा, म्हणून नो इम्युलेशनमधे तो लटकतो. तुम्ही "फ्लॉपी इम्युलेशन, 1.44" निवडा. इमेजची साइझ बरोब्बर 1474560 बाइट पाहिजे, कमी नाही जास्त नाही, प्रॉपर्टीजमधे जाऊन बघा. लिनक्सवर मेकआयएसओएफएस वापरत असाल तर इमेज त्याच फोल्डरच्या आत ठेवा ज्याची सीडी करताय, आणि डॅश बी नंतर त्या फोल्डरपासूनचा रस्ता द्या, पूर्ण रस्ता दिला की ते इमेज सापडत नाही म्हणून रडतं. डॅश बी नुसतं दिलं की फ्लॉपी इम्युलेशनच होतं, वेगळं काही सांगायला नको.

आणि सीड्या जाळायच्या आधी आयएसओ व्हर्च्युअलबॉक्समधे (कॉम्प्युटरच्या आत नकली कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून बघत जा हो! तिथे ए प्रॉम्प्ट आला तरच लिहा, सीडी-आर घ्या, आरडब्ल्यू नको, जुने ड्राइव्ह ती धड वाचत नाहीत. स्पीड कमीत कमी.

नवखा_पण_हौशी
एवढी झंझट कशाला, नव्या कॉम्प्युटरवर डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्समधे चालवा ना सगळं??

एकचौवेचाळीस
नाही चालणार भाऊ. जिस्ट हे आयसा स्लॉटमधलं खरंखुरं कार्ड, देवनागरी अक्षरं तेच काढतं. डेटा इस्की या भारतीय लिप्यांच्या कोडमधे असतो, म्हणजे खालचे 128 कोड इंग्रजीचे आणि वरचे आपल्या लिपीचे. कार्ड नसेल तर त्या वरच्या कोडांच्या जागी चौकटीच्या रेघा, ग्रीक अक्षरं असला कचरा दिसतो. यादी असेल, वाचता येणार नाही.

रामबागवाला, इंदूर
झालं! फ्लॉपी इम्युलेशन केलं आणि पहिल्या फटक्यात बूट झालं, ए प्रॉम्प्ट बघून डोळे भरून आले म्हणा. पण सी टाइप केलं की "इनव्हॅलिड ड्राइव्ह स्पेसिफिकेशन" म्हणतो. हार्ड डिस्क गेलीच का मग? फिरल्याचा आवाज तर येतोय. सुरुवातीला तारीख विचारतो, मंगळवार 01-01-1980 दाखवतो, मी नुसतं एंटर मारतो. आता एफडिस्क (डिस्कचे भाग पाडायचा डॉसचा प्रोग्राम) करून बघू का?

तारा_मावशी
थांबा थांबा थांबा!! एफडिस्कला हात लावू नका.

1980 दिसतंय, बूटची सेटिंग रोज पुसली जातेय, आणि तुम्ही मुलांना दोष देताय. अहो मदरबोर्डावरचा सेल संपलाय. सेल गेला की बायोस सगळं विसरतं, हार्ड डिस्क जोडलेली आहे हेसुद्धा. डिलीट दाबून बायोसमधे जा, "आयडीई एचडीडी ऑटो डिटेक्शन" असेल, ते करून सेव्ह करा आणि बघा सी येतो का. सेल बहुतेक 2032 असेल, घड्याळवाल्याकडे मिळतो. मशीन बंद करून, प्लग काढून बदला.

सी आला तरी लगेच काही दुरुस्त करत बसू नका. आधी डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं कॉपी करा, तिकडे विंडोजनं "फॉरमॅट करू का" विचारलं तर नाही म्हणा. एवढ्या जुन्या डिस्कचा भरवसा नसतो.

रामबागवाला, इंदूर
मावशी, साष्टांग. सेल 2032 च निघाला, तीस रुपयांचा. डिटेक्शन केलं, सेव्ह केलं, आणि सीडी न घालताच सरळ सी वरून चालू झालं, फॉक्सप्रो उघडलं, पहिल्या नोंदीत आजोबांनी स्वतःच्याच हातानं "पान 40 फाटलेले" असा शेरा मारलाय तो स्वच्छ मराठीत दिसला. तीन सीड्या उगाच गेल्या, चौथी चालली ती लागलीच नाही. मुलांची माफी मागितली. आता ही यादी नव्या कॉम्प्युटरवर वाचता येईल असं काही करता येतं का?

तारा_मावशी
येतं की. फॉक्सप्रोतूनच कॉपी टू करून डिलिमिटेड टेक्स्ट फाइल काढा, डीबीएफ (फॉक्सप्रोची मूळ फाइल) तशीच कन्व्हर्ट करू नका, त्यात प्रत्येक रकान्याची लांबी ठरलेली असते, सगळं सरकतं. मग ती टेक्स्ट फाइल इस्की म्हणून वाचायची आणि यूटीएफ-8 मधे लिहायची, विंडोजमधे इस्की देवनागरीचं कोडपेज 57002 आहे. युनिकोडनं देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली त्यामुळे फार त्रास होत नाही, जोडाक्षरं तेवढी तपासा. आणि मूळ कॉपी करताना डीबीएफसोबत त्याच नावाची एफपीटी फाइल असेल तर तीही घ्या, मेमो म्हणजे लांब मजकुराच्या रकान्यातला मजकूर तिच्यात असतो, आजोबांचे शेरे तिथेच असायचे.

सीडीसंग्राहक
ती चालणारी सीडी टाकू नका, पाकिटावर "डॉस 6.22" लिहून मशीनच्याच आत चिकटवून ठेवा. मी तसंच करतो.