शब्दचर्चा: ‘लाइट बाँबर क्रू’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

आमच्या वाचनगटासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या, मे १९४० मधल्या लढाईवर मराठीत टिपण लिहिते आहे. ब्रिटिश वायुदलाच्या फेअरी बॅटल या हलक्या बाँबर विमानांनी बेल्जियममधल्या अल्बर्ट कालव्याच्या पुलांवर केलेला हल्ला, असा विषय. गाडी पहिल्याच वाक्याला अडली आहे. सध्या असं लिहिलंय:

“हलक्या बाँबवर्षक विमानांच्या वैमानिकांनी शत्रूचे वाहतूक पूल उडवण्यासाठी हल्ले चढवले.”

व्याकरण ठीक आहे, पण वाक्य सरकारी परिपत्रकातलं वाटतं. शिवाय प्रत्येक विमानात तीन माणसं होती, हे त्यातून कळतच नाही. ‘क्रू’साठी आपल्याकडे रुळलेला शब्द आहे का? आणि पुलाच्या बाबतीत ‘उडवणे’ चालेल ना?

प्रतिसाद

मी वायुदलात विमानांच्या देखभालीचं काम केलं आहे. तिथे ‘एअरक्रू’ आणि ‘ग्राउंड क्रू’ याखेरीज दुसरं काही कानावर पडलं नाही, मराठी पोरं आपसांत बोलतानासुद्धा. ‘क्रू’च ठेवा. क्रूने, क्रूला, क्रूचा ही रूपंही विनासायास होतात.

प्रतिसाद

मी ‘वैमानिक’च्या बाजूने आहे. नावेवरचा तो नाविक, तसा विमानातला तो वैमानिक. नाविक म्हटलं की फक्त सुकाणू धरणारा डोळ्यांपुढे येत नाही, शीड ओढणाराही येतो. जैन ग्रंथांत ‘वैमानिक देव’ आहेत, ते विमानांत राहणारे देव. विमान हाकण्याचा तिथे संबंध नाही. शब्दाचा मूळ अर्थ इतका ऐसपैस असताना तिघांनाही वैमानिक म्हणायला काय हरकत आहे?

प्रतिसाद

व्युत्पत्ती मान्य. पण शब्द आज ज्या अर्थाने चालतो, त्याच अर्थाने वाचला जातो. ‘तीन वैमानिक ठार’ असं वाचल्यावर आपण सगळेच तीन विमानं पडली असं धरतो. वैमानिक म्हणजे विमान चालवणारा, हा अर्थ आता पक्का झाला आहे.

या विषयात तर हा फरक फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१० मे १९४० रोजी, शुक्रवारी पहाटे, जर्मन सैनिक ग्लायडरमधून, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानांतून, थेट पुलांजवळ उतरले आणि नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्त शहराच्या पश्चिमेचे व्रूनहोवन आणि वेल्डवेझेल्ट हे दोन पूल त्यांनी शाबूत हस्तगत केले. तिसरा, कान नावाच्या गावाजवळचा, बेल्जियन सैनिकांनी वेळेवर उडवून दिला. मग या दोन पुलांवरून जर्मन रणगाडे बेल्जियममध्ये शिरू लागले. रविवारी, १२ तारखेला, ब्रिटिश वायुदलाच्या १२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला हे पूल पाडण्याचं काम मिळालं. जायला कोण तयार आहे असं विचारल्यावर सगळ्यांनी हात वर केले. शेवटी पाच विमानं हल्ल्याला गेली. माणसं पंधरा.

मधल्या दोन दिवसांत जर्मनांनी पुलांभोवती विमानवेधी तोफांची कडी उभी केली होती. बॅटल विमानाला एकच इंजिन, वेग ताशी जेमतेम ४०० किलोमीटर. बचावाला पंखात एक मशीनगन आणि मागच्या माणसाच्या हातात एक. वेल्डवेझेल्टच्या पुलावर जी तुकडी गेली तिचा म्होरक्या डोनाल्ड गार्लंड, वय २१. त्याने अगदी खालून जाऊन हल्ला करायचं ठरवलं. पुलाच्या पश्चिम टोकाचं नुकसान झालं. पाचपैकी चार विमानं पुलांच्या परिसरातच पडली.

आता मुद्द्याचं. गार्लंडच्या विमानात तिघे होते. विमान चालवणारा गार्लंड. वाट काढणारा आणि बाँबची नेम-जुळणी करणारा सार्जंट टॉमस ग्रे, वय २५. आणि मागची मशीनगन सांभाळणारा लॉरेन्स रेनल्ड्स, वय २०. तिघेही गेले. गार्लंड आणि ग्रे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, त्या युद्धातले वायुदलाचे पहिले. रेनल्ड्सला काहीच मिळालं नाही. निर्णय घेण्याची जबाबदारी त्याच्याकडे नव्हती, असं कारण सांगितलं जातं. तोफांच्या त्याच माऱ्यात, त्याच विमानात, पाठमोरा बसून जो पोरगा गेला त्याला पदकाने वगळलं. आपल्या वाक्यानेही त्याला वगळावं का? ‘वैमानिकांनी हल्ला केला’ असं लिहिलं की नेमकं तेच होतं, आणि ग्रेसुद्धा त्यातून सुटतो. म्हणून ताई, शब्द कोणताही घ्या, पण तिघे मोजले जातील असा घ्या.

प्रतिसाद

‘चमू’ घ्या की! ‘डॉक्टरांचा चमू’, ‘शास्त्रज्ञांचा चमू’ हे रोजच्या वर्तमानपत्रात असतं. मूळचा शब्द लष्करीच आहे. महाभारतातल्या सैन्यगणनेत तीन पृतना म्हणजे एक चमू, तीन चमू म्हणजे एक अनीकिनी आणि दहा अनीकिनी म्हणजे एक अक्षौहिणी. एका चमूत ७२९ हत्ती आणि तितकेच रथ. तिथून तीन माणसांपर्यंत आला म्हणजे बराच आटला, पण ‘एका कामासाठी एकत्र आलेली माणसं’ हा अर्थ आज सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद

चमूला एकच हरकत. डॉक्टरांचा चमू कामापुरता जमतो आणि पांगतो. विमानातले तिघे मात्र शक्य तोवर कायम एकत्रच उडत. तरी ‘क्रू’साठी काही जण वापरतात त्या ‘कर्मीदल’पेक्षा चमू हजारपट बरा. ‘चालकदल’ हिंदी बातम्यांतून आलेला, आणि त्यात पुन्हा चालवणाऱ्यावरच भर. मी लिहिलं असतं तर पहिल्यांदा ‘विमानातले तिघे’ असं सरळ सांगून पुढे ‘चमू’ वापरला असता.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. रेनल्ड्सचं मला माहीतच नव्हतं, ते टिपणात नक्की घेते. ग्रे आणि रेनल्ड्स यांच्या कामांना काय म्हणू? शब्दकोशात ‘निरीक्षक’ आणि ‘तोफची’ सापडले. आणि ‘उडवणे’बद्दल अजून कुणी बोललं नाही.

प्रतिसाद

‘निरीक्षक’ नको. वाचणाऱ्याला पोलीस ठाणं आठवेल, नाहीतर निवडणूक. ब्रिटिश वायुदलात तेव्हा त्या पदाचं नावच तसं होतं हे खरं, पण काम होतं नकाशा, दिशा आणि बाँब. बॅटलमध्ये बाँबचा नेम धरायला या माणसाला वैमानिकाच्या आसनाखाली पालथं पडून तळाच्या झरोक्यातून बघावं लागे. याला कोण निरीक्षण म्हणेल! ‘नॅव्हिगेटर’ सगळ्यांना कळतो, तो ठेवा, आणि बाँबचा नेमही तोच धरत असे हे एका वाक्यात सांगा.

‘तोफची’ही नको, कारण हातात तोफ नव्हती. आपला जुना शब्द ‘गोलंदाज’. बखरींत तोफ डागणारा तो गोलंदाज. पण तो क्रिकेटने कायमचा नेला. ‘बंदूकधारी’ म्हटलं की हल्लेखोराची बातमी वाटते. ‘मागचा मशीनगनवाला’ हे लांबट आहे, पण चित्र बरोबर उभं करतं, आणि पाठमोरं बसणंही त्यात येतं.

प्रतिसाद

आता ‘उडवणे’. पूल उडवणे म्हणजे आपल्याकडे सुरुंग लावून उडवणे. कानचा पूल बेल्जियन सैनिकांनी उडवला, तिथे शब्द चपखल बसतो. स्फोटकं आधीच लावलेली, वेळ आली की बार. वरून बाँब टाकणारा पूल ‘पाडायला’ किंवा ‘तोडायला’ जातो. शिवाय ‘विमान उडवणे’ आणि ‘पूल उडवणे’ एकाच परिच्छेदात आले की वाचणारा अडखळतो.

पुलाचे अवयव नावाने सांगा, मराठीत ते छान आहेत. दोन खांबांमधला तो गाळा. बाँबने बहुतेक वेळा अख्खा पूल पडत नाही, एखादा गाळा पडतो, आणि तेवढा पडला तरी रणगाडे अडतात. तेही सोपं नाही. पूल वरून पट्टीसारखा अरुंद दिसतो. बाँब दहा-पंधरा मीटर बाजूला पडला की पाणी उसळतं आणि पूल तसाच राहतो.

‘बाँबवर्षक’ही खोडा. एका बॅटलमध्ये २५० पौंडांचे चार बाँब. पाच विमानांचे मिळून वीस, तेही दोन पुलांत वाटलेले. हा वर्षाव नव्हे. ‘बाँबफेक’ म्हणा, ‘बाँबफेकी विमान’ म्हणा, किंवा तुम्ही लिहिलंय तसं सरळ ‘बाँबर’.

प्रतिसाद

‘शत्रूचे वाहतूक पूल’ याला माझा ठाम आक्षेप आहे. पूल शत्रूचे नव्हतेच! बेल्जियमने बांधलेले, बेल्जियमच्या कालव्यावरचे. शत्रूची होती ती त्यांवरून चाललेली वाहतूक. ‘शत्रूच्या वाहतुकीचे पूल’ असं लिहिलं तरी बरंच सुधारतं. सगळ्यात नेमकं म्हणजे ‘शत्रूने ताब्यात घेतलेले पूल’.

हे उगाच म्हणत नाही. ब्रिटिशांच्या आदल्या दिवशी, ११ मे रोजी, बेल्जियन वायुदलाची नऊ विमानं याच कालव्याच्या पुलांवर गेली होती. तीही बॅटलच. त्यांच्याकडे ५० किलोचे बाँब होते, असले पूल पाडायला अगदीच अपुरे. नऊपैकी सहा विमानं पडली. आपल्याच देशाचे पूल पाडायला ती माणसं गेली होती. त्यांच्या हल्ल्याबद्दल लिहिताना ‘शत्रूचे पूल’ असं लिहिणं मला तरी जमणार नाही.

‘वाहतूक पूल’ हा जोडही उपरा वाटतो. पूल वाहतुकीसाठीच असतो. त्यापेक्षा काय वाहून नेलं जात होतं ते लिहा. ‘रसद’ मात्र वापरू नका. रसद म्हणजे दाणागोटा, वैरण, दारूगोळा. पानिपतावर भाऊसाहेबांची रसद तुटली, ती रसद. इथे पुलांवरून खुद्द फौज आणि रणगाडे जात होते.

प्रतिसाद

‘हलक्या’बद्दलही बघा. ‘हलक्या बाँबर चमूंनी’ असं झालं तर हलके कोण, विमान की माणसं? मराठीत ‘हलका माणूस’ म्हणजे काय, ते सांगायला नको. ‘हलक्या बाँबर विमानांतल्या चमूंनी’ असं विमानाला चिकटवूनच लिहा. आणि हलकं म्हणजे वजनाला नव्हे, थोडे बाँब घेऊन जवळच्या पल्ल्यावर जाणारं, हे एकदा सांगितलेलं बरं.

प्रश्नकर्तीकडून

दुसऱ्या भागात फ्रान्समधल्या सेदाँवरचा १४ मेचा हल्ला येतो. तिथे म्यूझ नदीवर जर्मनांनी स्वतः बांधलेला पूल होता. त्याला ‘तरंगता पूल’ म्हणू का?

प्रतिसाद

‘तरंगता’ कळेल, पण ‘होड्यांचा पूल’ हे जुनं आणि लगेच डोळ्यांपुढे येणारं आहे. पात्रात होड्या किंवा तराफे ओळीने जखडायचे आणि वर फळ्या टाकायच्या. सेदाँजवळ गोलिएला जर्मन सैनिकांनी १३ मेच्या रात्री असा पूल टाकला आणि त्यावरून रणगाडे पलीकडे गेले. हा मात्र निखालस शत्रूचा पूल, त्यामुळे वरचा आक्षेप इथे लागू नाही.

अशा पुलाला ‘पाडणे’ही नीट बसत नाही. ‘तोडणे’ बसतं. आणि तोडला तरी काही तासांत सांधता येतो, कारण बदली होड्या काठावर तयार असतात. त्या दुपारी ब्रिटिशांची ७१ विमानं गेली, ६३ बॅटल आणि ८ ब्लेनहाइम या दुसऱ्या प्रकारची बाँबर. त्यांतली ४० परतली नाहीत. पूल चालूच राहिला. ४० विमानं म्हणजे ४० वैमानिक नव्हेत, हे तुमच्या वाचकांना इथे पुन्हा सांगा, कारण या आकड्यापाशी माणसांची संख्या सहज निसटते. काही जण हवाई छत्रीने उतरून वाचले, काही कैद झाले. तेव्हा ‘४० विमानं पडली’ आणि ‘इतकी माणसं गेली’ ही दोन वाक्यं वेगळीच ठेवा.

प्रश्नकर्तीकडून

पहिला परिच्छेद असा केला आहे:

“१२ मे १९४० रोजी ब्रिटिश वायुदलाची पाच हलकी बाँबर विमानं, प्रत्येकात तिघे, जर्मनांनी दोन दिवसांपूर्वी ताब्यात घेतलेले अल्बर्ट कालव्यावरचे दोन पूल पाडायला निघाली. पुलांवरून जर्मन रणगाडे बेल्जियममध्ये शिरत होते. प्रत्येक चमूत एक वैमानिक, वाट दाखवणारा आणि बाँबचा नेम धरणारा एक नॅव्हिगेटर, आणि पाठमोरा बसलेला एक मशीनगनवाला होता.”

पुढे वेल्डवेझेल्टसाठी ‘तुळया’ आणि व्रूनहोवनसाठीही ‘तुळया’ असं लिहिलंय. ते ठीक आहे ना?

प्रतिसाद

परिच्छेद आता वाचवतो. ‘पाच विमानं, प्रत्येकात तिघे’ हे सगळ्यात आवडलं.

तुळयांबद्दल: वेल्डवेझेल्टचा पूल पोलादी, तिथे तुळया बरोबर. व्रूनहोवनचा काँक्रीटचा, तिथे ‘कमान’ लिहा. जर्मनांनी आपल्या तुकड्यांना नावंही पुलांवरूनच दिली होती: वेल्डवेझेल्टवर उतरली ती ‘पोलाद’, व्रूनहोवनवरची ‘काँक्रीट’, कानला गेलेली ‘लोखंड’. जवळच्या एबेन-एमाएल किल्ल्याच्या छपरावर उतरलेल्या तुकडीचं नाव ‘ग्रॅनाइट’. ही नावं टिपणात घेतलीत तर कोणता पूल कशाचा, हे वेगळं सांगावंच लागणार नाही.